राखणदार : गावसीमेवरचा देव



फिनलंडच्या लोकसमजुतींत 'हाल्तिया' नावाचे एक अदृश्य सत्त्व आहे. घराला, रानाला, पाण्याला, प्रत्येकाला आपापला हाल्तिया असतो. शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याच्या ताब्यात आहे तो'. नव्या घरात जो पहिल्याने चूल पेटवील, किंवा ज्याला तेथे पहिल्याने मरण येईल, तोच पुढे त्या घराचा हाल्तिया होतो, अशी तिकडची श्रद्धा. १५५१ साली मिकाएल आग्रिकोला या धर्मसुधारकाने आपल्या स्तोत्रग्रंथाच्या प्रस्तावनेत फिन लोकांच्या जुन्या देवांची यादी दिली ती निषेधापोटी. घरकारभार सांभाळणारा 'तोन्त्तू' मात्र त्या निषेधामुळेच लिखित रूपात टिकला.

हे ऐकताना पेडणे-डिचोलीच्या माणसाला आपला राखणदार आठवल्यावाचून राहणार नाही. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा आणि पेटती चूड घेऊन रात्री गावाच्या शिवेवरून फिरणारा हा देवचार. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो आणि रीत मोडणाऱ्याला चकवतो. त्याचे स्थान देवळात नसते. जुनाट आंब्याचे किंवा वडाचे मूळ, झरीचे तोंड, कुळागराची कड, खाजन शेतातली मानस अशा जागी तो असतो. नैवेद्यही त्याला साधाच लागतो: जाडजूड रोट, केळी, विडी आणि थोडी सोरो. पुरणपोळीचा हा देव नव्हे! फिनलंडच्या तोन्त्तूलाही पेज दिली की पुरे. तिकडे न्हाणीघराची शेवटची ऊब त्याच्यासाठी राखून ठेवीत.

दोघांत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. तोन्त्तूचे मुख्य ठिकाण घर आणि खळे. आपल्या राखणदाराचे ठिकाण सीमा. मराठी-कोंकणीतील 'राखणे' या क्रियापदात जवळ ठेवणे आणि रक्षण करणे असे दोन्ही अर्थ नांदतात, आणि राखणदार ही दोन्ही कामे करतो. जेथे पाणी अडवायचे, जेथे झाड तोडायचे नाही, जेथे एका गावाची हद्द संपते, तेथे तेथे त्याची जागा असते. बांध फुटला की सगळ्यांचीच शेती खारी होते; तेव्हा मानशीपाशी कोणीतरी जागे असावे ही गरज श्रद्धेच्याही आधीची आहे, असे मला वाटते.

'देवचार' या शब्दाची कहाणी यापेक्षा करुण आहे. आरंभी 'देव' असूनही ख्रिस्ती कोंकणीत त्याचा अर्थ सैतान असा झाला. इकडे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या एन्थोवेनच्या कोंकणविषयक नोंदींतही त्याची गणना भुतांतच आहे. एकाच शब्दावर दोन दिशांनी हा आघात झाला. तरीही गावकरी रोट ठेवीत राहिला. डिचोली, पेडणे आणि सत्तरी हे प्रदेश पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींत आले. तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता. त्यामुळे येथील स्थळे बव्हंशी शाबूत राहिली. म्हापशाचा बोडगेश्वर हाही मूळचा शेतातला, झाडाखालचा राखणदारच. आज त्याची जत्रा मोठी भरते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु उघड्यावर फिरणाऱ्या देवाला संगमरवर आणि छप्पर मिळाले की त्याचे फिरणे थांबते, ही माझी जुनी कुरकुर आहे.

खरा घाव निराळाच. डिचोली तालुक्यात लोहखनिजासाठी डोंगर खणले गेले आणि खाणींतले पाणी उपसले गेले. शिरगावसारख्या गावांत विहिरी आटल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी खाणकाम थांबवले आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी नूतनीकृत पट्टे रद्द केले. न्यायालयाच्या आदेशाने खाण थांबते, पण आटलेली झर त्याने परत येत नाही. ज्या झरीवर राखणदार बसायचा ती झरच गेली, तर त्याने कोठे जावे? बाटलेला देव शुद्ध करून घेता येतो. स्थळच नाहीसे झालेल्या देवासाठी आपल्या परंपरेत विधी मला तरी आढळला नाही.

म्हणून गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधतो. गाऱ्हाणे घालणारा हात जोडून एकेका स्थळाला हाक मारतो: अमुक झरीवरचा, अमुक वडाखालचा, अमुक शिवेवरचा. प्रार्थना म्हणून आपण ती ऐकतो. वस्तुतः ती गावाच्या पाण्याची, झाडांची आणि हद्दींची तोंडी नोंदवही आहे. ती तोंडपाठ असलेली माणसे आता थोडीच उरली. या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांनी त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे, नावे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि प्रत्येक नावापुढे ते झाड, ती झर आज जागेवर आहे की नाही, एवढे स्वतः पाहून लिहावे.