हिसालू, गौरीफळ आणि घाणेरी

मे महिन्याच्या सुट्टीत कुमाऊँच्या डोंगरांत गेलेल्या मराठी पर्यटकांना रस्त्याकडेच्या काटेरी जाळ्यांत केशरी-पिवळी, दाणेदार फळे दिसतात. गावातली मुले ती तोडून खात असतात. हा हिसालू, म्हणजे रानटी रासबेरी. महाबळेश्वर भागात रानरासबेरीला गौरीफळ म्हणतात. पाहुण्यांची मुलेही लगेच हात घालतात आणि आईवडील विचारतात, ‘विषारी तर नाही ना?’

हिसालूच्या फांदीवर काट्यांबरोबर दाट, तांबूस, राठ केस असतात. पान तीन पर्णिकांचे, फूल पांढरे. त्याचा भाऊ काळा हिसालू. त्याच्या फांदीवर पांढरट साय धरल्यासारखी दिसते, पर्णिका पाच ते नऊ, पानाची खालची बाजू पांढरी, फूल गुलाबी आणि फळ आधी लाल, मग जांभळट काळे. रंगामुळे अनेकजण त्याला ब्लॅकबेरी म्हणतात, पण तीही रासबेरीच. पिकलेले फळ हलके ओढून पाहावे. रासबेरीचा गाभा झाडावरच राहतो आणि हातात टोपीसारखे पोकळ फळ येते. ब्लॅकबेरी मात्र गाभ्यासकट तुटते.

ही ओळख पटली की मजा येते, पण पोटाच्या दृष्टीने तिला फारसे महत्त्व नाही, कारण या दोन्ही फळांनी विषबाधा होत नाही. दवाखान्यात काळजी वाटते ती या कुळाबाहेरच्या, पण तशाच दिसणाऱ्या फळांची.

त्यातले एक आपल्या घाटांत सगळीकडे आहे. घाणेरी, म्हणजेच टणटणी. तिलाही काटे असतात आणि काळ्या चकचकीत मण्यांचा घोस दुरून ब्लॅकबेरीसारखा दिसतो. जवळून पाहिले की प्रत्येक मणी सुटा असतो. पाने साधी आणि समोरासमोर येतात, चुरगळली की उग्र वास सुटतो. रासबेरीची पाने एकाआड एक असतात. घाणेरीची कच्ची, हिरवी फळे खाल्ल्यास मुलांना उलट्या, पोटदुखी, सुस्ती येऊ शकते.

दुसरे हिमालयातले. मन्सूर किंवा मकोला नावाच्या या झुडपावरूनच मसुरीला नाव मिळाले असे सांगतात. त्याला काटे नसतात, पाने समोरासमोर आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरांची, फळ पिकल्यावर काळसर. त्याच्याच भूमध्यसागरी भावंडाची फळे ब्लॅकबेरी समजून खाल्ल्याने फ्रान्स आणि स्पेनमध्ये मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. त्यातले विष मेंदूतील पेशींना शांत ठेवणारी यंत्रणाच बंद पाडते.

भलतेच फळ खाल्ल्याची शंका आली, तर तोंडातले थुंकायला लावून चूळ भरायला द्यावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा आपल्याकडचा जुना उपाय करू नये; झटका आला तर तीच उलटी श्वासनलिकेत जाते. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. रुग्णालयात जाताना त्या झुडपाची पानाफळांसकट एक फांदी बरोबर न्यावी. पालक बहुधा मुठीत चिरडलेली दोन-चार फळे आणतात आणि त्यांवरून झाड ओळखता येत नाही. फांदी तोडणे जमले नाही, तर मोबाईलवर पानांचा फोटो काढला तरी चालतो.