धावत निघालेला बाप

इंग्रजी अमदानीत भारतातल्या भाषांची पाहणी करायचं काम जॉर्ज ग्रियर्सन या आयरिश आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे आलं. प्रत्येक बोलीचा नमुना एकाच मजकुराचा घ्यायचा, म्हणजे तुलना सोपी जाईल, असं ठरलं. मजकूर निवडला गेला तो बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला. कारण धार्मिक नव्हतं, व्याकरणाचं होतं. एवढ्याशा गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामं येतात, बहुतेक विभक्त्या येतात, तिन्ही काळ येतात. इथल्या लोकांना खटकतील असे काही शब्द तेवढे बदलले गेले. १९०३ ते १९२८ या काळात पाहणीचे खंड निघाले. १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली. मराठीचा सातवा खंड १९०५मध्ये आला. त्यात हा बाप आणि त्याचे दोन मुलगे वऱ्हाडीत भेटतात, नागपुरीत भेटतात, कोकणीत आणि हळबीतही भेटतात. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या. आज त्या इंटरनेटवर ऐकता येतात, आणि खरखरीतून कुणी शंभर वर्षांपूर्वीचा माणूस बापाकडे वाटणी मागताना ऐकू येतो.

ख्रिस्ती धर्मप्रसारकांना शतकभर खपून जे साधलं नाही ते सरकारी दप्तराने व्याकरणाच्या नावाखाली करून टाकलं, असं मला हे खंड चाळताना नेहमी वाटतं. कारण ख्रिस्ती माणूस देवाला बाप म्हणतो म्हणजे नेमकं काय म्हणतो, हे सांगायला या गोष्टीइतकी दुसरी जागा नाही. धर्मशास्त्राचे जाड ग्रंथ तिच्यानंतरचे.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात आहे. येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर पंगतीला बसतो म्हणून परुशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मनियमांचे जाणकार कुरकुर करत असतात. त्यांना उत्तर म्हणून तो लागोपाठ तीन गोष्टी सांगतो. पहिली शंभरांतल्या एका हरवलेल्या मेंढराची, दुसरी दहांतल्या एका हरवलेल्या नाण्याची, तिसरी ही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. बाप देतो. मुलगा सगळं विकून दूर देशी जातो, पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, आणि यहुदी माणसाला ज्याचा स्पर्शही नको ते डुकरं राखायचं काम त्याच्या नशिबी येतं. डुकरांना घालायच्या शेंगांनी तरी पोट भरावं, अशी पाळी येते. या शेंगा बहुधा कॅरोब नावाच्या झाडाच्या. भूमध्य समुद्राकाठी हे झाड सर्रास दिसतं, आणि शेंगा गोडसर असतात. मी चघळून पाहिल्या आहेत. पहिली बरी लागते, तिसरी घशाखाली उतरत नाही.

मग मुलगा घराकडे वळतो. बापापुढे म्हणायची वाक्यं मनात जुळवतो : मला मुलगा म्हणू नका, चाकरीला ठेवा. तो अजून लांब असतानाच बापाला दिसतो, आणि बाप धावत सुटतो. गळ्यात पडतो, मुके घेतो. पाठ केलेली वाक्यं अर्धीच होतात. झगा, अंगठी, जोडे आणा, पुष्ट वासरू कापा, अशी घाई सुरू होते. शेतावरून थोरला येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, चाकराकडून कारण कळतं आणि रागाने दाराबाहेरच थांबतो. बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो, या वेळी थोरल्याची मनधरणी करायला. गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

या गोष्टीचं मला वेड लागलं ते केनेथ बेलींमुळे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाचे हे अभ्यासक. लहानपण इजिप्तमध्ये गेलं आणि पुढे इजिप्त, लेबनॉन, जेरुसलेम, सायप्रस अशी चाळीसेक वर्षं त्यांनी त्या भागात शिकवण्यात काढली. ते खेड्यापाड्यांतल्या लोकांना विचारत : तुमच्या गावात कुणा मुलाने बाप हयात असताना अशी वाटणी मागितली आहे का? उत्तर एकच मिळे. शक्य नाही. मागितलीच तर बाप त्याला झोडपून काढेल, कारण याचा अर्थ बाप मरावा अशीच मुलाची इच्छा आहे. १९७६च्या ‘पोएट अँड पेझंट’ या पुस्तकात त्यांनी ही वाट धरली आणि पुढे आयुष्यभर सोडली नाही. त्यांचं आणखी एक निरीक्षण असं : पूर्वेकडचा प्रतिष्ठित म्हातारा धावत नाही. धावायचं तर झगा वर खोचावा लागतो, पाय उघडे पडतात, गाव हसतं. मग हा का धावला? जुन्या यहुदी परंपरेत एका प्रथेचा उल्लेख आहे. घराण्याची जमीन परक्याला विकणाऱ्यापुढे भाऊबंद धान्य आणि सुकामेवा भरलेलं मडकं आपटून फोडत. आमच्यातून तू तुटलास, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मडकं कुठे फुटतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. बेली म्हणतात, गाव मुलापर्यंत पोहोचण्याआधी आपण पोहोचावं म्हणून बाप धावला. मुलाची लाज त्याने भर रस्त्यात स्वतःवर घेतली.

मडकं लूकच्या मजकुरात नाही, हे मान्य केलं पाहिजे. एमी-जिल लेव्हिन या यहुदी विदुषी नव्या कराराच्या मोठ्या अभ्यासक आहेत. २०१४च्या ‘शॉर्ट स्टोरीज बाय जीझस’ या पुस्तकात त्या अशा वाचनावर चांगल्याच उखडल्या आहेत. यहुदी बाप मायाळू असणं ही काही धक्कादायक गोष्ट नव्हती. ख्रिस्ती लेखक आपला देव प्रेमळ दाखवण्यासाठी उगाच यहुद्यांचा देव कठोर रंगवतात, ही त्यांची तक्रार. मला ती शंभर टक्के पटते. जुन्या करारात होशेयच्या ११व्या अध्यायात देव इस्राएलला हाताला धरून चालायला शिकवतो. १०३व्या स्तोत्रात तो लेकरांची कणव येणारा बाप आहे, तर यशयात एकदा बाप आणि एकदा समजूत घालणारी आई. येशू याच घरात वाढला. त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देवाला पहिली हाक बाप म्हणून आहे, आणि प्रेषित पौलाने गलतीकरांस व रोमकरांस लिहिताना दत्तकविधानाची भाषा वापरली : गुलाम होतात, आता वारस झालात. ३२५मध्ये निकियाच्या धर्मसभेने श्रद्धेचा मसुदा केला, तोही पित्यापासूनच सुरू होतो. पुढच्या वादांत मी शिरत नाही. तो प्रांत पंडितांचा आहे.

पण धावण्याचं काय? लेव्हिन बरोबर असल्या तरी धावणं उरतंच. मला त्याचा धागा उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात सापडला. याकोबाने थोरल्या भावाला, एसावाला, फसवून बापाचा आशीर्वाद लाटलेला. वर्षांनी तो घाबरत परत येतो, तर एसाव धावत येतो, मिठी मारतो, गळ्यात पडतो, मुका घेतो. येशूपुढे बसलेल्यांना ही गोष्ट तोंडपाठ असणार. तिथे ज्याचं नुकसान झालं तो थोरला भाऊ धावतो. येशूच्या गोष्टीत ते काम बाप करतो, आणि ज्याने खरं तर धावायला हवं होतं तो थोरला दारात फुगून उभा. हे लक्षात आल्यावर परुशांना टोमणा नेमका कुठे बसला असेल ते कळतं.

बौद्ध परंपरेत अशीच एक गोष्ट आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चौथ्या अध्यायातला मुलगा घर सोडून भरकटतो आणि पन्नास वर्षांनी भणंग होऊन अजाणता बापाच्या वाड्यापाशी येतो. बाप त्याला ओळखतो, पण मुलगा वैभव बघूनच गांगरतो. मग बाप त्याला उकिरडा साफ करायच्या कामावर ठेवतो, स्वतः मळके कपडे घालून त्याच्या शेजारी जातो, आणि वर्षानुवर्षं हळूहळू विश्वास वाढवून शेवटी मरणाच्या दारी सांगतो की तू माझाच. काय विलक्षण धीर आहे त्या बापाचा! मुलगा पेलेल तेवढंच तो देतो. लूकच्या बापाजवळ हा धीर नाही. मुलाला झेपेल की नाही याचा विचार न करताच तो अंगठी घालतो. दोन्हींत श्रेष्ठ कोण हा वाद मला निरर्थक वाटतो, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की फरक लख्ख दिसतो. १९२९मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने प्रोकोफिएव्हच्या संगीतावर पॅरिसमध्ये बसवलेल्या उधळ्या पुत्राच्या बॅलेत मात्र मुलगा गुडघ्यांवर सरपटत येतो, बाप पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मुलालाच त्याच्या अंगावर चढावं लागतं. शेवटी बाप त्याला झग्यात घेतो खरा. नाच म्हणून अप्रतिम, पण बाप धावलाच नाही तर मग राहिलं काय?

रेम्ब्रांटनेही बापाला धावायला लावलेलं नाही, आणि तरी त्याला मी सगळं माफ करतो. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातलं त्याचं चित्र साडेआठ फुटांहून थोडं उंच आणि पावणेसात फूट रुंद आहे. कॅथरिन राणीने १७६६मध्ये ते मिळवलं. छापील प्रतींत ते तपकिरी दिसतं. प्रत्यक्षात बापाच्या खांद्यावरचं लाल वस्त्र आधी डोळ्यांत भरतं. मी गेलो तेव्हा खिडकीतला उजेड रंगावर चमकत होता, त्यामुळे डावीउजवीकडे सरकून चित्र तुकड्यातुकड्याने बघावं लागलं. बरंच झालं. नजर मुलाच्या पायांवर अडकली. एक पाय चपलेतून निसटलेला, तळवा आपल्याकडे. दुसऱ्या पायात फाटकी चप्पल. डोकं भादरलेलं. अंगावर चिंध्या, पण कमरेला छोटी कट्यार तशीच. सगळं विकलं, ती नाही विकली. मुलगेपणाची तेवढी एकच खूण त्याने जवळ ठेवली असावी, असं म्हणतात. मला ते पटतं.

रेम्ब्रांटने ही गोष्ट आयुष्यभर सोडली नाही. १६३५च्या सुमाराला, ऐन भरभराटीत, त्याने स्वतःलाच उधळ्या म्हणून रंगवलं : बायको सास्किया मांडीवर, हातात उंच पेला, टेबलावर मोराची मेजवानी. ते चित्र ड्रेस्डेनला आहे. पुढच्याच वर्षी केलेल्या तळहाताएवढ्या कोरीव चित्रात बाप पायऱ्यांवर झुकून मुलाला कवटाळतो आहे आणि वरची खिडकी उघडून कुणी डोकावतं आहे. मग तीन मुलं तान्हेपणीच गेली, १६४२मध्ये सास्किया गेली, १६५६मध्ये दिवाळं निघालं, १६६३मध्ये पुढची जोडीदारीण हेंड्रिक्ये गेली, १६६८च्या सप्टेंबरात उरलेला मुलगा टिटस गेला. हर्मिटाजचं चित्र याच शेवटच्या काळातलं. १६६९च्या ऑक्टोबरात चित्रकारही गेला. आयुष्यातली दुःखं मोजून चित्राचा अर्थ लावणं समीक्षकांना आवडत नाही. त्यांचं बरोबरही असेल. पण ज्याने इतक्या मुलांना पोचवलं, त्याने परत आलेला मुलगा रंगवताना हात कोरडा ठेवला असेल, हे मी मानत नाही.

बापाचे डोळे अधू आहेत. तो मुलाला बघत नाही, पाठीवर हात ठेवून चाचपतो. हे दोन हात एकसारखे नाहीत. डावा रुंद, घट्ट, दाबून धरणारा. उजवा निमुळता, मऊ, नुसता टेकलेला. हेन्री नाउवेन या डच कॅथलिक धर्मगुरूने १९८३मध्ये फ्रान्समध्ये या चित्राचं पोस्टर पाहिलं, तीन वर्षांनी हर्मिटाजमध्ये तासन्‌तास चित्रापुढे काढले आणि १९९२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते एक हात बापाचा, दुसरा आईचा. १९९६मध्ये याच चित्रावरच्या माहितीपटासाठी रशियाला निघाले असता वाटेत हॉलंडमध्येच ते हृदयविकाराने गेले.

आपल्याकडे हा दुसरा हात शोधावा लागला नाही. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताला सरळ माउली म्हटलं. विठ्ठलाला आई म्हणत वाढलेल्या माणसाला यात विचित्र काहीच वाटलं नसणार. ज्यांच्या घरचा बाप म्हणजे पट्टा आणि शिव्या, त्यांना बापरूपी देव जवळचा कसा वाटावा, हा प्रश्न अनेकांना छळतो. टिळकांच्या अभंगांकडे त्याचं एक उत्तर आहे.

वसईत एका रविवारी मिस्साला बसलो होतो. उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा हा उतारा तीन वर्षांतून एकदा येतो. फादरांचं प्रवचन छान झालं, सगळा भर धाकट्यावर. बाहेर आल्यावर केळीची वाडी असलेले एक वयस्क गृहस्थ चपला शोधता शोधता मला म्हणाले, “तुम्ही लिहिता ना? मग एवढं सांगा, ते वासरू कोणाच्या वाट्याचं?”

प्रश्न वाडीवाल्यालाच सुचणारा होता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो त्याने फुंकला. उरलेलं सगळं थोरल्याचं, आणि बापही त्याला तेच सांगतो. म्हणजे वासरू थोरल्याचं, झगा थोरल्याचा, आणि कापताना त्याला कुणी विचारलंही नाही. मी त्यांना मिश्ना या जुन्या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातली तरतूद सांगितली : बापाने मालमत्ता मुलाच्या नावे केली तरी हयातभर उत्पन्न बापाचंच, आणि एकट्याने दोघांपैकी कुणीही ती विकू शकत नाही.

“म्हणजे झाड मुलाचं, फळ बापाचं,” ते म्हणाले. “मग वासरू झाडात धरायचं की फळात?”

मी म्हटलं, फळात धरू.

“धरा. पण उद्यापासून धाकटा जेवणार कोणाच्या ताटातलं? बापाला मोठ्या मनाचं व्हायला काय जातंय? त्याची हयात किती उरली? पुढे पोसायचं थोरल्याने.” आणि मग चपलेत पाय सरकवत म्हणाले, “म्हणून तर म्हाताऱ्याला बाहेर यावं लागलं. हुकूम सोडून भागलं असतं तर चाकर पाठवला असता.”