जुन्या संगणकाची पत्रिका

लग्न जमविताना पत्रिका पाहावी की नाही, याविषयी दुमत असू शकेल; परंतु जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे, तर दोघांची पत्रिका आधी जुळवून पाहिलीच पाहिजे. छत्तीस नव्हे, चारच गुण पाहावयाचे असतात.

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत यंदा दिवाळीच्या खरेदीत हाच विषय अग्रभागी होता. कन्या अ‍ॅनिमेशन शिकते. तिच्या एका मिनिटाच्या चित्रपटासाठी आमचा २०१४ चा संगणक रात्ररात्र घरघरत बसे, आणि जानेवारीत तर तिला पुढील प्रवेशासाठी आपले काम दाखवावयाचे आहे. बोनस कार्डापुरता, नव्या संगणकाइतका नाही. सौ.चा प्रश्न रोकडा होता : "पैसे एकदाच खर्च होणार. ते कार्ड या डब्यात चालेल कशावरून?"

म्हणून लॅमिंग्टन रोडची, म्हणजे आताच्या भडकमकर मार्गाची, वाट धरण्यापूर्वी आम्ही बापलेकींनी स्क्रू-ड्रायव्हर आणि शिवणकामाची टेप घेऊन कॅबिनेट उघडले.

पहिला गुण स्लॉटचा. कार्ड बसते त्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या पिढ्या बदलल्या, तरी नवे कार्ड जुन्यात सहसा चालते. मात्र काही स्वस्त कार्डे सोळांपैकी थोड्याच मार्गिका वापरतात; २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार. अशी कार्डे जुन्या स्लॉटमध्ये फार मंदावतात.

दुसरा गुण जागेचा. टेपने २७ सेंटीमीटर भरले. कन्येने हेरलेले आरटीएक्स ३०६० दोन पंख्यांचे, २४ सेंटीमीटरांचे. जमले!

तिसरा गुण विजेचा, आणि इथेच घोडे अडले. पॉवर सप्लायवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले. पण कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टच्या पंगतीला जेवतात, आणि तिथे आकडा होता १८ अँपिअर. अठरा गुणिले बारा, म्हणजे २१६ वॅट! कार्डाची भूक १७०, प्रोसेसरची ८४, बेरीज २५४. शिवाय स्लॉट फार तर ७५ वॅट देतो. उरलेली वीज आठ पिनांच्या वायरीने यावी लागते, आणि ती वायरच आमच्याकडे नव्हती.

"बाबा, म्हणजे राहिलं ना?" कन्येचा चेहरा उतरला.

वेगळी वायर न मागणारे, ७५ वॅटांत भागणारे जीटीएक्स १६५० होते. पण त्याची मेमरी ४ जीबी, आणि तिच्या जड दृश्यांना ती अपुरी. ३०६० ची १२ जीबी. तेव्हा चांगल्या प्रतीचा ५५० वॅटांचा सप्लायही घेणे आले. क्षणभर शांतता पसरली. मग सौ. म्हणाली, "माझी यंदाची भाऊबीज त्यात धरा."

चौथा गुण प्रोसेसरचा. खेळांत जुना प्रोसेसर नव्या कार्डाचे पाय ओढतो. ब्लेंडरमध्ये चित्रे रंगविण्याचे जड काम मात्र कार्डावर सोपविता येते. म्हणून आमचे निभावले.

एक व्यवहार ध्यानात ठेवावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारीत नाही. आज ना उद्या यंत्र बदलावे लागेलच. पण कार्ड आणि सप्लाय नव्या यंत्रातही नेता येतात. तो पैसा बुडीत जात नाही.

तेव्हा वाचकहो, दुकानदाराला कार्डाचा भाव विचारण्याआधी घरच्या सप्लायवरील बारीक अक्षरे वाचा. ठळक अक्षरे विक्रीसाठी असतात. संसार बारीक अक्षरांवर चालतो.