दारी आलेला विन्मुख जाऊ नये

यजमान बाहेरगावी असला तरी दारी आलेल्या पाहुण्यास शेजारी चार शब्द सांगतात, पाणी विचारतात, ही आपली रीत. आपल्या मंडळांनी, ग्रंथालयांनी, वधूवर सूचक केंद्रांनी आता स्वतःची संकेतस्थळे थाटली आहेत; पण तेथे ही रीत अजून पुरती पोहोचलेली नाही. जुन्या अंकाच्या शोधात एखादा वाचक यावा आणि ते पान मध्यंतरी हलविले गेलेले असावे, म्हणजे त्याच्यापुढे ‘४०४ नॉट फाउंड’ एवढीच इंग्रजी ओळ येते. वडीलधाऱ्यांस वाटते, संस्था बंद पडली असावी किंवा आपलेच काही चुकले असावे. एक जुना स्नेही मुकाट्याने परत जातो.

हा आकडा आहे तरी काय? वाचकाचा ब्राउझर पान मागतो आणि सर्व्हर प्रत्येक मागणीस तीन अंकी उत्तर देतो. २०० म्हणजे सर्व ठीक, ४०३ म्हणजे प्रवेशास मनाई, ४०४ म्हणजे पान सापडत नाही, ४१० म्हणजे ते कायमचे काढले, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड आणि ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद. टिम बर्नर्स-ली यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी घातलेली ही घडी आजही मोडलेली नाही.

आकडा बदलता येत नाही व बदलूही नये. त्याच्यासोबत दिसणारा मजकूर मात्र आपल्या हाती आहे. भाड्याच्या जागेवरील, म्हणजे होस्टिंगवरील, संकेतस्थळासही ही मुभा असते. सीपॅनेलसारख्या नियंत्रण-पटलात ‘एरर पेजेस’ नावाचा विभाग असतो. अपाचे सर्व्हरवर बहुधा ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ या फाइलीत एक ओळ लिहिली की काम होते. रोमन लिपीत आधी ‘एररडॉक्युमेंट’ हा शब्द, मग आकडा, मग आपल्या पानाचा मार्ग. इंजिनएक्स सर्व्हर ही फाइल वाचीत नाही. तेथे होस्टिंग कंपनीसच विनंती करावी.

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, त्या ओळीत संकेतस्थळाचा संपूर्ण पत्ता न देता तिरक्या रेघेने सुरू होणारा स्थानिक मार्गच द्यावा. संपूर्ण पत्ता दिल्यास सर्व्हर वाचकास दुसरीकडे वळवितो आणि ४०४ हा खरा निरोप हरवतो; मग शोधयंत्रेही नसलेले पान आहे असे धरून चालतात. दुसरे, या पानावरील चित्रांचे व दुव्यांचे मार्गही तिरक्या रेघेनेच सुरू व्हावेत, कारण हे पान कोणत्याही खोलीच्या पत्त्यावर प्रकट होते आणि अपुरे मार्ग तेथे तुटतात. तिसरे, ५०० चे पान अगदी साधे, स्वयंपूर्ण ठेवावे. ज्या यंत्रणेत बिघाड झाला तिच्याच आधारावर उभे केलेले पान तिच्याबरोबरच कोसळते.

मजकूर काय असावा? पान मिळत नाही, हे शुद्ध मराठीत, दोष वाचकाच्या माथी न मारता सांगावे. खाली तोच निरोप हिंदी, गुजराती वा कन्नड अशा स्थानिक भाषेत द्यावा. आपल्या नव्या पिढीतील कित्येकांस त्याचाच आधार वाटेल. अंकांची सूची, शोधाची चौकट आणि कार्यालयाचा दूरध्वनी एवढे दिले म्हणजे पुरे. सर्वांना निमूटपणे मुखपृष्ठावर ढकलणे ही सोय नव्हे. वाचकास कळतच नाही की आपले मागणे कोठे गेले.

आणि पान केवळ हलविले असेल, तर ३०१ या आकड्याने त्यास नव्या पत्त्यावर पोहोचवावे, हे सर्वांत उत्तम. चांगले पत्ते बदलत नसतात, असे बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते.

संस्थेच्या चिटणीसांनी आजच आपल्या संकेतस्थळावरील एखाद्या पानाचा पत्ता शेवटच्या भागात एका अक्षराने मुद्दाम चुकवून पाहावा. पुढे जे दिसेल, तेच आपल्या दूरदेशीच्या वाचकास दिसत असते.