इसबाची नोंद कशासाठी?

इसबाचा रुग्ण तपासायला येतो त्या दिवशी त्वचा पुष्कळदा बरी दिसते. आधीच्या रात्रींचे जागरण मला दिसत नाही. हा विकार कमी-जास्त होत राहतो. म्हणून मी प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर ठेवतो, नावाऐवजी क्रमांक घालून. प्रश्न ‘पोएम’ या प्रश्नावलीतले. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ती 2004 मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात खाज किती दिवस सुटली, झोप किती रात्री मोडली, त्वचा किती दिवस भेगाळली, असे सात प्रश्न. गुण 28 पैकी, जितके जास्त तितका त्रास अधिक.

दुकानातून परस्पर आणलेले मलमही मी विचारतो. ते बरेचजण लपवतात! त्यात स्टेरॉइड असेल तर नायट्याचे रूप पालटते आणि इसबाच्या यादीत भलताच रोग शिरतो. तेव्हा येताना ट्यूब घेऊन या, रिकामी असली तरी.