इंजिन बसते, पण जुळते का?

कोलशेत रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये आमच्या वडिलांची 1991 सालची प्रीमियर पद्मिनी दोन महिने बॉनेट उघडे ठेवून उभी होती. वॉटर पंप गळत होता. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत पाणी संपले आणि लक्षात येईपर्यंत इंजिन तापून ब्लॉकला तडा गेला. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर काळ्या तेलाऐवजी ताकासारखा पांढुरका फेस होता. तेल आणि पाणी एकत्र घुसळले गेल्याची ही खूण. वडील शाळेत गणित शिकवत. गाडी त्यांनी कर्ज काढून घेतलेली, त्यामुळे भंगारात द्यायची नाही हे ठरलेलेच होते. पण पद्मिनीचे उत्पादन थांबूनही दोन दशके उलटली आहेत. तेव्हा जुने पण चांगले इंजिन शोधणे आले.

मिस्त्री म्हणाले, "सर, अकराशेचं इंजिन आणायचं आणि बसवायचं. त्यात काय?" या 'त्यात काय'चे उत्तर शोधताना शाळेत शिकवले जाणारे बरेचसे भौतिकशास्त्र उपयोगी पडले. तेच येथे मांडत आहोत.

सीसी एक, इंजिने अनेक

'अकराशेचे इंजिन' म्हणजे अकराशे घन सेंटिमीटरचे, म्हणजेच अकराशे सीसीचे इंजिन. पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत सरकताना जेवढे आकारमान व्यापतो, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणले की हा आकडा मिळतो. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. वृत्तचितीचे सूत्र वापरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 272.4 घन सेंटिमीटर येते. चारांचे मिळून 1089.

आता मारुती 800 घ्या. व्यास 68.5 मिलिमीटर, धाव 72 मिलिमीटर. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखेच! पण मारुतीला सिलिंडर तीन, म्हणून एकूण 796 सीसी. शिवाय तिचे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. पद्मिनीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. व्यास सारखा असला म्हणजे इंजिन चालेल, असे नव्हे.

आम्हाला पहिल्यांदा दाखवले गेले ते प्रीमियर 118 एनई या गाडीचे. कारखानदार तोच, इंजिन मात्र निसानच्या आराखड्याचे. व्यास 73, धाव 70 मिलिमीटर, म्हणजे 1171 सीसी. आकडा जवळचा, इंजिन उभेच बसणारे, मागची चाके फिरवणारे. मग अडचण कोठे? इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या पृष्ठांवर एकमेकांना मिळतात तेथे. बोल्टांची छिद्रे वेगळी, क्लचची मापे वेगळी. गिअरबॉक्ससकट घ्यावे, तर इंजिन ज्या रबरी पायांवर टेकते ते बदलावे लागतात, मागे जाणाऱ्या शाफ्टची लांबी जुळवावी लागते, आणि आमच्या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, तर 118 एनईचा जमिनीवर. एक भाग बदलण्यासाठी सहा भाग बदलायचे, याला जुळणे म्हणत नाहीत. म्हणून शोध पद्मिनीच्याच इंजिनापुरता ठेवला.

पुसलेला आकडा

दुसरे इंजिन पद्मिनीचेच होते. बाहेरून स्वच्छ, रंगवलेले, किंमतही निम्मी. ब्लॉकवर जेथे इंजिन नंबर ठोकलेला असतो तेथे हात फिरवला, तर पृष्ठभाग कानशीने घासल्यासारखा गुळगुळीत लागला. विक्रेता म्हणाला, "नंबर कोण बघतंय?" कबूल करायला हवे की क्षणभर आम्हीही मनात हिशेब केला, निम्मे पैसे वाचत होते. वडिलांनी मात्र विषय तेथेच संपवला. नंबर घासलेले इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीतील असा बदल 14 दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. नंबरच नसेल तर नोंदवणार काय? आणि आरसीतला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्याचे काय होणार? जुळणी केवळ धातूची नसते, कागदाचीही असते.

दाब काय सांगतो

तिसरे इंजिन मुंबईच्या एका निवृत्त टॅक्सीचे होते, कागदपत्रांसह. मुंबईतल्या टॅक्सींना वयाची मर्यादा आहे. 2013 पासून ती 20 वर्षांची झाली, आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीचे इंजिन लाखो किलोमीटर धावलेले, म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. पण इंजिनाची बरीच झीज थंड अवस्थेतून सुरू होताना होते, कारण तेल तेव्हा सगळीकडे पोचलेले नसते. दिवसभर गरम राहणारी टॅक्सी त्या मानाने कमी वेळा थंड सुरू होते. तेव्हा किलोमीटरवरून निकाल न देता मोजमाप करावे, असे ठरले.

मोजायचा असतो तो सिलिंडरमधला दाब. समजा, पिस्टन वर येताना हवेचे आकारमान सातव्या हिश्श्यावर येते. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब 7 पट व्हावा. पण तो नियम स्थिर तापमानाचा आहे. येथे दाबण्याची क्रिया इतकी झटपट होते की उष्णतेला बाहेर जायला सवड नसते. हवा तापते आणि दाब आणखी चढतो. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे धरले, तर 7 चा 1.4 वा घात, म्हणजे सुमारे 15 पट दाब येतो. प्रत्यक्षात काही उष्णता भिंतींत जाते, काही हवा निसटते, आणि आत घेणारा व्हॉल्व्हही थोडा उशिरा मिटतो. म्हणून खरा आकडा 7 आणि 15 च्या मधे कोठेतरी पडतो. तो जागेवरही अवलंबून असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर. तेथे हवेचा दाबच सुमारे 6 टक्के कमी, तेव्हा तेच इंजिन ठाण्यापेक्षा कमी आकडा दाखवील. यासाठी एकट्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांची आपसातली तुलना अधिक बोलकी असते.

इंजिन जमिनीवरच ठेवून स्टार्टर आणि बॅटरी जोडली, चारही प्लग काढले, कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडी धरली आणि एकेका छिद्रात गेज लावून इंजिन फिरवले. दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये आकडे आले: 8.5, 8.4, 6.1, 8.3. तिसरा सिलिंडर आजारी! मिस्त्री इंजिन परत पाठवायला निघाले. आम्ही थांबवले आणि तिसऱ्या छिद्रात चमचाभर तेल ओतले. रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि दाब चढतो. गेज 6.1 वरून 6.2 वर गेले, पुढे नाही. म्हणजे हवा पिस्टनच्या बाजूने नव्हे, वरून निसटत होती. शेजारच्या सिलिंडरांचे आकडे उत्तम होते, तेव्हा दोन सिलिंडरांमधले गॅस्केट फाटण्याची शक्यताही कमी. संशय उरला व्हॉल्व्हवर.

हेड उतरवले तेव्हा तो खरा ठरला. ही टॅक्सी सीएनजीवर चाललेली. सीएनजी हा कोरडा वायू. द्रव पेट्रोलमुळे मिळणारा थोडासा ओलावा आणि थंडावा त्यात नाही. त्यात जुन्या आराखड्यातल्या व्हॉल्व्हच्या बैठका शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. शिशाच्या संयुगांचा पातळ थर त्यांचे रक्षण करी. ते पेट्रोल आपल्या देशात 2000 साली बंद झाले. लेथवाल्याकडून चारही सिलिंडरांना कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. खालचा भाग, म्हणजे पिस्टन आणि क्रँक, उघडावाही लागला नाही. ज्या इंजिनाला 'आजारी' म्हणून परत पाठवणार होतो, त्याचे दुखणे फक्त हेडपुरतेच होते.

वर्गात

यातले बरेच काही गॅरेजविना दाखवता येते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या भराभर मारा. पंपाच्या तळाशी हात लावला की तापलेली हवा कळते. नंतर हळूहळू मारा आणि फरक विचारा. आठवी-नववीच्या मुलांना आणखी एक गणित घालता येईल: पद्मिनीचा सिलिंडर झिजला म्हणून अर्ध्या मिलिमीटरने मोठा केला, तर इंजिन किती सीसीचे होईल? उत्तर सुमारे 1106. व्यास पाऊण टक्क्यापेक्षाही कमी वाढला, आकारमान मात्र दीड टक्क्याने. असे का, हे मुलांनाच शोधू द्यावे.

पद्मिनी आता चालते. आरसीवर नवा इंजिन नंबर चढला आहे. वडिलांनी वहीत चार आकडे लिहून ठेवले आहेत, तारखेसह; दरवर्षी दाब पुन्हा मोजायचा आणि शेजारी लिहायचा, असा त्यांचा बेत आहे.