पाटी टांगण्याआधी

सकाळी 8

शटर अर्धं वर गेलेलं असतानाच पहिला फोन. दहा बाय आठचा वाढदिवसाचा फ्लेक्स, अकरापर्यंत चौकात लागला पाहिजे, फोटो व्हॉट्सअॅपला टाकलेत. फोटोंत उत्सवमूर्ती एक आणि शुभेच्छुक डझनावारी. मी एकच विचारतो, "दादा, नगरपरिषदेचा परवानगी नंबर?" पलीकडून नुसतं हसू येतं.

परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावरच छापलेली असावी, हा दंडक आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर आदेश दिले. त्याआधीपासून 1995चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहेच. त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. शिवाय 1 जुलै 2022पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. पण छपाईच्या यंत्राला परवानगी विचारता येत नाही, ते छापून मोकळं होतं. विचारायचं काम माझ्याकडे राहतं, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

सकाळी साडेनऊ

एक शिकवणीवाले सर जुनी पाटी घेऊन आले. खाली पत्ता आहे, त्यातलं 'उस्मानाबाद' पुसून 'धाराशिव' करायचं. नामांतराने आम्हा पाटीवाल्यांना बरंच काम दिलं. केंद्राने शहराच्या नव्या नावाला 24 फेब्रुवारी 2023 रोजी मान्यता दिली आणि जिल्ह्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. तरी निम्मे लोक कोर्टाच्या निकालासाठी थांबले होते. उच्च न्यायालयाने 8 मे 2024 रोजी नामांतर कायम ठेवलं, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपाला नकार दिला, मग थांबलेले एकेक करून आले.

सरांना मी सांगितलं, पाटीवरचा पत्ता बदलायला माझा ब्रश पुरे. पण शॉप अॅक्टची पावती, जीएसटी, बँक यांतलं नाव तिथे जाऊनच बदलावं लागतं. पाटीवर एक आणि कागदावर दुसरं असलं की पुढे एखाद्या कर्जाच्या वेळी धावपळ होते.

सकाळी 11

कुंथलगिरीच्या पेढ्याचं नवं दुकान निघतंय. मालक तरुण आहे. पुण्यात बघितलेल्या पाटीचा फोटो घेऊन आला: इंग्रजी नाव ठसठशीत, मराठी कोपऱ्यात बारीक.

हे चालणार नाही. 2022च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी आधी यायला हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या कोणत्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तरी सुटका नाही. पूर्वी छोट्या दुकानदारांना तशी पळवाट होती, ती याच दुरुस्तीने बुजवली. मुंबईचे किरकोळ व्यापारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 25 सप्टेंबर 2023 रोजी न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं. कोर्टकचेरीवर घालवायचा पैसा पाटीवर घाला, असा एकूण सूर होता.

"मग इंग्रजी काढूनच टाकू का?" मालक म्हणाला. कशाला? दुसरी भाषा लिहायला मनाई नाही. अकोला जिल्ह्यात पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2025मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. मराठी आधी ठेवा आणि लहान करू नका, खाली हवी ती भाषा लिहा.

खरी गंमत पुढे आहे. जीएसटीत नोंद असेल तर दुकानाच्या दाराशी असलेल्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहावा लागतो. आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत असाल, तर 'कंपोझिशन करदाता' हे शब्दही दर्शनी पाटीवर हवेत. या मालकाचा पर्याय कंपोझिशनचाच निघाला. हे त्याला सीएने सांगितलं नव्हतं, माझ्याकडून कळलं. आमच्या धंद्यात वकिलीची फी मिळत नाही, चहा मिळतो.

दुपारी साडेबारा

नगरपरिषदेत एका गिऱ्हाइकाचा अर्ज घेऊन. इथे येणाऱ्यांचा एक ठरलेला गोंधळ असतो. दुकानाच्या भिंतीला चिकटलेली नावाची पाटी आणि गच्चीवर किंवा रस्त्याकडेला लोखंडी सांगाड्यावर उभं केलेलं होर्डिंग यांना लोक एकच समजतात. पहिलीत तुम्ही स्वतःच्या दारात स्वतःचं नाव लावता. दुसऱ्यात जागा जाहिरातीसाठी देता; त्याला परवानगी, शुल्क, जागामालकाची लेखी संमती आणि सांगाडा भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखला लागतो. पहिलीही फुटपाथवर पुढे आली की अतिक्रमणात जमा. मग पथकाची गाडी आली की पाटी काढताना कोणी हळुवार हाताने काढत नाही.

साहेब जागेवर नव्हते. आवक शिक्का मिळाला, तो महत्त्वाचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

दुपारी 3

जेवून आलो तर डॉक्टरांचा माणूस बसलेला. वीस फुटी पाटी, त्यावर डॉक्टरांचा हसरा फोटो, 'मराठवाड्यात प्रथमच', वगैरे. वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेत अवाजवी मोठी पाटी अनुचित ठरवली आहे. पाटीवर नाव, विद्यापीठाची पदवी, किताब, विशेष विषय आणि नोंदणी क्रमांक एवढंच. ज्या मेडिकलवर ते बसत नाहीत, तिथेही त्यांची पाटी नको. वकिलांनाही बेताच्या आकाराचीच पाटी लावता येते. बार कौन्सिलचे सदस्य होतो, असं तिच्यावर लिहिता येत नाही. माणूस म्हणाला, "सरांना विचारतो." बहुतेक फोटो राहील.

दुपारी साडेचार

नळदुर्गजवळच्या ढाबेवाल्याचा फोन. सोलापूर–हैदराबाद रस्त्याकडेला बाण काढलेली पाटी रोवायची आहे. त्याला म्हटलं, महामार्गाच्या हद्दीत खांब रोवायचा नाही. ती जमीन केंद्राची आहे, 2002चा कायदा आहे, आणि तिथे नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कागदाचा उपयोग नाही. हद्दीचे दगड बघ आणि पाटी स्वतःच्या शेतात लाव.

त्याच्याच पाव्हण्याला बिअर बारची पाटी हवी होती, नाव 'नळदुर्ग'. तेही जमणार नाही. मराठी पाट्यांच्या त्याच दुरुस्तीत दारू विकणाऱ्या, पुरवणाऱ्या दुकानांना महापुरुषांची, महनीय स्त्रियांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला मनाई केली आहे. नळदुर्ग, परंड्याच्या जिल्ह्यात हा नियम मला तरी पटतो.

संध्याकाळी 7

फिटिंगची वेळ. दिवसभर अक्षरांवर बोललो, आता लोखंडावर बोलायचं. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, वीस फुटी पाटी, आणि मालक म्हणतो चार खिळे मारा की. एसीपीची, म्हणजे अॅल्युमिनियम पत्र्याची, पाटी दिसते हलकी, पण आत चौकोनी पाइपची फ्रेम असते, आणि वळवाचं वारं सुटलं की पाटीचं शीड होतं. राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागात पाट्या आणि फलकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे ते उगीच नाही. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 माणसं गेली. ते पडलं अशाच वादळी वाऱ्यात. त्याआधी ऑक्टोबर 2018मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ सांगाडा कोसळून चौघे गेले होते; तिथे तर सांगाडा उतरवण्याचंच काम चाललं होतं.

तरीही दुकानदार माझ्याशी अर्धा तास कशावर भांडतो? इंग्रजी अक्षर मराठीपेक्षा मोठं का नाही, यावर. अँकर बोल्ट किती आणि कुठे, हे विचारणारा क्वचित भेटतो. नियमातला अक्षरांचा भाग चुकला तर दंड होईल. टांगण्याचा भाग चुकला तर खालून जाणाऱ्याचा जीव जाईल. मी आज बोल्ट माझ्या हिशेबाने मारले, वायरिंग वायरमनकडून करून घेतलं, आणि मालकाला त्याचे पैसे वेगळे लावले. तो कुरकुरला.

रात्री साडेआठ

शटर खाली. उद्या पाटी करायला येणार असाल तर फोटो नंतर दाखवा. आधी शॉप अॅक्टची पावती, जीएसटीचा दाखला आणि जागामालकाचं संमतिपत्र घेऊन या, आणि भिंत विटांची आहे की मातीची, तेवढं घरून बघून या.